पहिल्या उड्डाणाआधी सीजी: प्लॅनवर ७५, बोटांवर ७२, आणि जो तो सांगतो ५०

गोदाकाठ | सोमवार, रात्री ९:४०

मंडळी, मदत हवी आहे, आणि रविवारच्या आत हवी आहे.

लेक नववीत आहे. दिवाळीच्या सुट्टीपासून आम्ही दोघी मिळून एक रेडिओ कंट्रोल विमान बांधतोय. ५ मिमी डेप्रॉन शीटचं (हलका फोम), पंख वर असलेलं, शिकाऊ माणसाला झेपेल असं. पंख या टोकापासून त्या टोकापर्यंत १२०० मिमी, रुंदी सगळीकडे सारखी २०० मिमी. बॅटरी धरून वजन ९५० ग्रॅम. बॅटरी थ्री सेल २२०० एमएएचची लिपो, ती एकटीच १८० ग्रॅम भरते.

प्लॅन जुना, छापील, माझ्या मोठ्या भावाकडून मिळालेला. त्यावर सीजीची, म्हणजे विमान जिथे तोललं जायला हवं त्या गुरुत्वमध्याची, खूण पंखाच्या पुढच्या कडेपासून ७५ मिमीवर आहे. दोन बोटांवर तोललं तर विमान ७२ वर स्थिर राहतं. म्हणजे जमलं, असं वाटलं होतं. पण वाचायला बसले तर सगळीकडे एकच: सीजी पंखाच्या रुंदीच्या पाव भागावर ठेवा. पाव भाग म्हणजे ५० मिमी. एवढ्याशा विमानात २२ मिमीचा फरक!

लेक म्हणते, प्लॅन काढणाऱ्याने उडवूनच खूण केली असणार. मला धास्ती आहे की दीड महिन्याची मेहनत पहिल्या दहा सेकंदांत मातीत जाईल. नाकात शिसं भरू का? भरलं तर किती?

फोमवाला | सोमवार, रात्री १०:०५

ताई, ७२ वर अजिबात हातातून सोडू नका. शेपूट जड असलेलं विमान सोडल्या सोडल्या नाक वर काढतं, तुम्ही स्टिक पुढे ढकलता, ते गरजेपेक्षा जास्त खाली जातं, मग तुम्ही ओढता, आणि दुसऱ्या-तिसऱ्या हेलकाव्याला स्टॉल होऊन, म्हणजे पंखाची उचल संपून, एका पंखावर पडतं. माझी पहिली दोन अशीच गेली. नाक जड असेल तर विमान जरा जोरात उतरतं, एलेव्हेटर (नाक वरखाली करणारी शेपटीची हलती पट्टी) जास्त ओढावा लागतो, एवढंच. ५० वर आणा आणि निर्धास्त उडवा.

पुणेरी पंखा | सोमवार, रात्री १०:५०

फोमवाला, पाव भाग हा सुरुवातीचा अंदाज आहे, कायदा नव्हे. सीजी किती मागे चालेल हे एकट्या पंखावर ठरत नाही. शेपटीच्या आडव्या पाटीचं क्षेत्रफळ किती आणि ती पंखापासून किती लांब, यावर ठरतं. जुन्या फ्री फ्लाइट (रेडिओशिवाय आपली आपण उडणाऱ्या) मॉडेलांच्या शेपट्या मोठ्या असत, त्यांचा सीजी पंखाच्या निम्म्याच्याही मागे असे आणि ती सुरेख उडत. म्हणून ७५ हा आकडा वाचून लगेच प्लॅन चुकीचा म्हणू नका.

ताई, तीन मापं द्या: शेपटीच्या आडव्या पाटीची लांबी, तिची रुंदी, आणि पंखाच्या पाव रेषेपासून शेपटीच्या पाव रेषेपर्यंतचं अंतर. प्लॅनवरची नकोत, बांधलेल्या विमानावर पट्टी लावून घ्या.

येवलेकर | सोमवार, रात्री ११:१५

विमानातलं मला काही कळत नाही, पण हा धागा वाचताना संक्रांत आठवली. आमच्याकडे येवल्यात भोगी, संक्रांत आणि कर असे तीन दिवस आख्खं गाव गच्चीवर असतं. पतंगाला मंगळसूत्र (मांजा जोडायची दोरी) बांधताना वरची गाठ बोटभर इकडे-तिकडे झाली की पतंग एकतर गरगर फिरतो नाहीतर वर चढतच नाही. आणि एका अंगाला कलत असेल तर दुसऱ्या अंगाला कागदाची नाहीतर चिंधीची कन्नी. तुमचा सीजी म्हणजे तेच काय?

पुणेरी पंखा | सोमवार, रात्री ११:२२

कन्नीचं उदाहरण तंतोतंत! विमानाचा उजवा-डावा तोल तसाच साधतात. मंगळसूत्राचं थोडं वेगळं, कारण तिथे दोरीचा ओढही असतो. पण गाठ बोटभर सरकवल्याने काय होतं हे ज्याने हाताने अनुभवलंय, त्याला सीजी समजावायला पाच मिनिटं पुरतात.

जुना एअरमन | मंगळवार, सकाळी ६:३०

हवाई दलात ग्राउंड क्रूमध्ये तेवीस वर्षं काढली. मोठं विमान बोटावर तोलता येत नाही, म्हणून आम्ही ते काट्यांवर चढवायचो: प्रत्येक चाकाखाली एक. प्रत्येक काट्याचं वजन गुणिले ठरलेल्या रेषेपासूनचं अंतर, सगळ्यांची बेरीज, भागिले एकूण वजन. आला सीजी. मोठी दुरुस्ती किंवा नवीन रंग झाला की पुन्हा वजन व्हायचंच, त्यात सूट नव्हती.

मॉडेललाही हे करता येतं, स्वयंपाकघरातला डिजिटल काटा पुरतो. समजा नाकाखाली चाक असलेलं १२०० ग्रॅमचं विमान आहे. पुढच्या चाकाखाली २४० ग्रॅम आले, आणि पुढच्या-मागच्या चाकांत २५० मिमी अंतर आहे. २४० गुणिले २५० भागिले १२०० बरोबर ५०. म्हणजे सीजी मागच्या चाकांच्या ५० मिमी पुढे. वजन घेताना दुसरी चाकं काट्याच्याच उंचीच्या फळीवर ठेवायची आणि विमान उडताना असतं तसं आडवं धरायचं, नाहीतर आकडा फसवा येतो.

आणि बाई, बोटांवर नका तोलू. बोटाचं टोकच १२ मिमी रुंद असतं, त्यात ७२ कुठला न् ७८ कुठला. लाकडी फळीवर दोन पेन्सिली उभ्या ठोका, खोडरबर वर करून. पंखाखाली दोन्ही बाजूंना, धडापासून सारख्या अंतरावर, ५५, ६०, ६५, ७०, ७५ अशा रेघा मारा आणि रेघ खोडरबरावर टेकवा. तुमचा पंख वर आहे, धड खाली लोंबतं, म्हणून सुलटं तोला. पंख खाली असलेलं विमान असेल तर उलटं करून, नाहीतर ते टेकूवर टिकतच नाही.

मंदाकिनी | मंगळवार, सकाळी ८:१०

काकांच्या पेन्सिलींची युक्ती मुलाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी उचलतेय. धन्यवाद!

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ८:५५

स्टँड केला. स्टँडवरही ७२च.

आता पुणेरी पंखा यांनी मागितलेली मापं. आडवी पाटी ४०० बाय ८० मिमी. अंतर ६०० मिमी.

लिहिता लिहिता म्हटलं प्लॅनही बघावा, तर त्यावर पाटी ४८० बाय १०० आहे! लेकीला विचारलं. शीट कमी पडलं होतं, म्हणून तिने उरलेल्या तुकड्यात बसेल एवढी कापली. तिला वाटलं शेपूट जरा लहान झाल्याने काय बिघडतंय, उलट वजन वाचेल. मीही तेव्हा बघितलं नाही.

फोमवाला | मंगळवार, रात्री ९:०२

सापडलं!

पुणेरी पंखा | मंगळवार, रात्री ९:४५

आता सगळं जुळतंय. ताई, लेकीलाही शेजारी बसवा, गणित सोपं आहे.

शेपटीचं क्षेत्रफळ गुणिले अंतर, भागिले पंखाचं क्षेत्रफळ गुणिले पंखाची रुंदी. प्लॅनप्रमाणे शेपूट ४८० चौ. सेमी, अंतर ६० सेमी, पंख २४०० चौ. सेमी, रुंदी २० सेमी. उत्तर ०.६. तुम्ही बांधलेली शेपूट ३२० चौ. सेमी. उत्तर ०.४. शेपटीची पकड एक तृतीयांशाने कमी झाली.

या आकड्यावरून न्यूट्रल पॉइंट काढता येतो. न्यूट्रल पॉइंट म्हणजे अशी जागा की सीजी तिच्या मागे गेला तर विमान स्वतःहून सावरत नाही, नाक वर उचललं गेलं की आणखी वर जातं. पंख आणि शेपूट किती लांबट आहेत तेही धरून मी काढलं तर प्लॅनच्या शेपटीला तो १०६ मिमीवर येतो, तुमच्या शेपटीला ८८ वर. कागदावर. प्रत्यक्षात धड आणि प्रोपेलर तो आणखी थोडा पुढे ओढतात.

प्लॅनवाल्याने सीजी ७५ वर ठेवला, म्हणजे १०६ पासून ३१ मिमी पुढे, रुंदीच्या १५ टक्के. शिकाऊ विमानाला अगदी योग्य. म्हणजे लेक बरोबर होती, प्लॅन बरोबर होता. तुमचं ७२ मात्र ८८ पासून फक्त १६ मिमी पुढे, ८ टक्के, आणि त्यातूनही धड-प्रोपेलरची वजावट. अनुभवी हात हे उडवेल, पहिल्यांदा उडवणाऱ्याने उडवू नये.

तुम्ही ६० वर आणा. ८८ पासून २८ मिमी, १४ टक्के. ५० ची गरज नाही. शेपूट लहान आहे, तिच्यावरचा एलेव्हेटरही लहान, आणि नाक फार जड केलंत तर उतरताना ते उचलायला तो पुरणार नाही.

फोमवाला | मंगळवार, रात्री १०:१०

पटलं. शेपटीचा विचार मी केलाच नव्हता. ६० ला माझंही मत.

दामले मास्तर | मंगळवार, रात्री १०:४०

मला नाही पटलं. शेपूट चुकलीय तर शेपूट बदला. एका संध्याकाळचं काम आणि एक शीट. चुकीच्या शेपटीवर सीजीचं ठिगळ लावून कशाला उडवायचं? मुलीला काम नीट पुरं करायची सवय लागू दे.

गोदाकाठ | मंगळवार, रात्री ११:००

मास्तर, शीट मागवलंय, पण रविवारच्या आत येणार नाही. रविवारी भाऊ नाशिकला आहे आणि उडवायला तोच शिकवणार आहे. सध्याच्या शेपटीवर ६० ला उडवून बघतो. शीट आलं की शेपूट नक्की बदलणार, लेकीनेच सांगितलंय.

७२ वरून ६० वर यायला शिसं किती?

पुणेरी पंखा | बुधवार, सकाळी ७:२०

९५० ग्रॅम गुणिले १२ मिमी, म्हणजे ११४०० ग्रॅम-मिमी एवढा तोल पुढे न्यायचा आहे. नाकाचं टोक पंखाच्या कडेच्या २०० मिमी पुढे आहे असं धरू, म्हणजे नव्या सीजीपासून २६०. सगळं शिशाने करायचं तर ११४०० भागिले २६०, जवळजवळ ४४ ग्रॅम. फुकटचं ओझं. आधी आत जे आहे ते सरकवा. बॅटरी १८० ग्रॅमची, ती ४० मिमी पुढे गेली की ७२०० तिथेच निघाले. उरले ४२००, त्याला नाकात १६ ग्रॅम पुरतात.

एक विचारतो: एलेव्हेटर आणि रडर (शेपटीची उभी हलती पट्टी) हलवणारे सर्व्हो, म्हणजे त्या छोट्या मोटरी, कुठे आहेत?

गोदाकाठ | बुधवार, दुपारी १:१५

शेपटीपाशी चिकटवलेत, दोन्ही ९ ग्रॅमचे. लांब पुशरॉड (सर्व्होपासून पट्टीपर्यंतच्या काड्या) टाळायचे म्हणून. नाकाचं अंतर तुम्ही धरलंत तेवढंच आहे. बॅटरी ४० मिमी पुढे जाईल, मोटरच्या मागची एक आडवी पट्टी कापावी लागेल.

पुणेरी पंखा | बुधवार, दुपारी १:४०

तरीच बांधून झाल्यावर शेपूट जड निघाली. दोन सर्व्हो मिळून १८ ग्रॅम, ते पंखाखाली ४५० मिमी पुढे असते तर ८१०० चा फरक पडला असता, बॅटरी ४५ मिमी सरकवण्याएवढा. आता उचकटू नका, डेप्रॉन फाटेल. पुढच्या विमानात लक्षात ठेवा. शेपटीतला प्रत्येक ग्रॅम नाकात दोन-अडीच ग्रॅम मागतो, आणि ग्लूगनचा गोंद धरला तर तिथे ग्रॅम भराभर जमतात.

एनसीसी एअर विंग | बुधवार, संध्याकाळी ६:३०

कॉलेजला एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग केलं होतं, कंट्रोल लाइन. तिथे तोलाचं गणित निराळंच. विमान दोन तारांवर आपल्याभोवती गोल फिरतं. सीजी जास्त पुढे ठेवायचा आणि तारा पंखातून सीजीच्या किंचित मागून बाहेर काढायच्या, म्हणजे नाक थोडं बाहेर वळलेलं राहतं आणि तारा ताणलेल्या राहतात. शिवाय बाहेरच्या पंखाच्या टोकात मुद्दाम वजन, कारण आतला पंख तारांचं ओझं वाहतो. येवलेकरांची कन्नीच ती.

म्हणून ताई, उजवा-डावा तोलही बघा. एक बोट मोटरच्या शाफ्टखाली, एक शेपटीखाली, आणि बघा कुठला पंख झुकतो. सगळे पुढचा-मागचा तोल बघतात आणि हा विसरतात. मग विमान सरळ उडताना ठीक असतं, पण लूप मारताना किंवा वेग कमी झाला की नेमकं एकाच बाजूला पडतं.

डेटनचा मराठी | बुधवार, रात्री १०:००

मी ओहायोत डेटनला राहतो. राइट बंधूंनी १९०४ आणि १९०५ साली जिथे सराव केला ते हफमन प्रेअरी इथलंच, आजही गवताळ माळ आहे. त्यांच्या विमानाचा एलेव्हेटर पुढे होता आणि सीजी फार मागे. विमान सारखं वरखाली हेलकावायचं. १९०४ मध्ये त्यांनी नाकाकडे ७० पौंड, म्हणजे ३२ किलोच्या आसपास, लोखंड बांधलं तेव्हा ते काहीसं आवरलं. पुढच्या वर्षी एलेव्हेटर मोठा करून आणखी पुढे नेला आणि ५ ऑक्टोबर १९०५ ला सलग ३९ मिनिटं उडाले.

त्या माळावर उभं राहिलं की वाटतं, विमान आधी हवेत गेलं, तोलाचं कोडं मात्र पुढे वर्षानुवर्षं सुटत राहिलं. लेकीला सांगा, नाकात वजन बांधणारी ती पहिली नाही.

गोदाकाठ | बुधवार, रात्री १०:१२

सांगितलं. ३२ किलो ऐकून डोळे मोठे झाले तिचे!

मालवणी गळ | गुरुवार, सकाळी ९:००

शिसं हवं तर मासेमारीचं सामान मिळतं त्या दुकानात जा. गळाला बांधायच्या शिशाच्या गोळ्या लहानमोठ्या सगळ्या मापात मिळतात. भोक असतं, स्क्रूने घट्ट बसतात.

फोमवाला | गुरुवार, सकाळी ९:२५

नाशिकला त्याहून सोपं: गाड्यांचं व्हील बॅलन्सिंग करतात त्या दुकानात चिकटवायच्या पट्ट्या मिळतात, ५ आणि १० ग्रॅमचे तुकडे. मात्र त्यांच्या गोंदावर विसंबू नका, वरून स्ट्रॅपिंग टेपचे दोन वेढे. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, आणि लेकीला घरी शिसं वितळवू देऊ नका.

घाटावरचा | गुरुवार, दुपारी ३:३०

बॅटरीबद्दल एक. गेल्या वर्षी सीजी अगदी काटेकोर लावला होता. बॅटरी फक्त वेलक्रोवर. फुल थ्रॉटलला नाक वर केलं आणि बॅटरी मागे घसरली, हाताला जाणवलं की एलेव्हेटर एकदम नाजूक झाला. विमान पाठीवर पडून मोडलं. उचलून बघतो तर बॅटरी पंखाखाली पोचलेली. तेव्हापासून वेलक्रो आणि वरून पट्टा, शिवाय बॅटरीच्या मागे डेप्रॉनचा एक ठोकळा चिकटवतो म्हणजे मागे जायला जागाच नाही. उडवण्याआधी विमान नाक वर धरून झटका देऊन बघतो. ताई, तुम्ही बॅटरी पुढे नेताय, म्हणजे मागे मोकळी जागा तयार होणार. ठोकळा विसरू नका.

दिंडोरीकर | गुरुवार, रात्री ८:००

उडवणार कुठे? ओझरच्या विमानतळाच्या आणि देवळालीच्या लष्करी हद्दीच्या जवळपास नको. जायच्या आधी डिजिटल स्कायच्या (ड्रोनसाठीच्या सरकारी संकेतस्थळाच्या) नकाशावर जागा हिरव्या पट्ट्यात आहे का ते बघा.

गोदाकाठ | गुरुवार, रात्री ८:२०

सिन्नरच्या पुढे मामाचं रान आहे, सोयाबीन निघालंय, कांदा अजून लावायचाय. नकाशावर बघितलं, हिरव्यात आहे. आजूबाजूला विजेच्या तारा नाहीत.

जुना एअरमन | शुक्रवार, सकाळी ६:१५

सकाळी साडेसात-आठच्या आत उडवा, वारा पडलेला असतो. आणि शेवटचा तोल मैदानावरच बघा. घरी तोललेलं आणि मैदानावर जोडलेलं विमान एकच असतं असं धरून चालू नका. रबरबँड जास्त लागतात, बॅटरी दुसरी लागते.

नवशिका | शुक्रवार, दुपारी १२:००

मधेच घुसतोय. माझं शेपूट नसलेलं विमान आहे, नुसता पंख. त्याला पण ताईंच्या ६० मिमीसारखं रुंदीच्या ३० टक्के?

पुणेरी पंखा | शुक्रवार, दुपारी १२:३०

नाही! शेपूटच नाही म्हणून न्यूट्रल पॉइंट पाव भागाच्या जवळ येतो. १५ ते २० टक्क्यांवर ठेवा, आणि इथे दोन-तीन मिमीनेही फरक पडतो. पंख मागे झुकलेला किंवा टोकाला निमुळता असेल तर टक्के मधल्या सरासरी रुंदीवर मोजायचे, मुळाच्या रुंदीवर नाही. नवीन धागा काढा, चित्र टाका, तिथे बोलू.

गोदाकाठ | रविवार, दुपारी १२:४५

उडालं!!

सकाळी सातला रानात पोचलो. स्टँड बरोबर नेला होता. काका, तुम्ही म्हणालात तसंच झालं: पंखाला चार रबरबँड जास्त लावले, तरी सुदैवाने ते सीजीजवळच असल्याने फरक पडला नाही. बॅटरी ४० मिमी पुढे, मागे ठोकळा, वरून पट्टा, नाकात टायरच्या पट्टीचे १६ ग्रॅम (१० ची एक, ५ ची एक, आणि कापून घेतलेला जरासा तुकडा). नेमकं ६०. डावा पंख झुकत होता, तिकडे गोंद जास्त लागलाय. उजव्या टोकाला रुपयाचं नाणं टेपने लावलं, सरळ झालं.

भावाने हातातून सोडलं. एक क्षण थोडं खाली गेलं, मग रेषेत चढलं. हेलकावे नाहीत. एलेव्हेटरला दोन क्लिक वरचा ट्रिम (ट्रान्समीटरवरून केलेली कायमची बारीक दुरुस्ती) लागला, बस. चार मिनिटांनी लेकीच्या हातात ट्रान्समीटर दिला आणि तिने दोन मोठे गोल घातले. मी व्हिडिओ काढायचा विसरले, नुसती बघत राहिले.

उतरताना मात्र नाक म्हणावं तसं उचललं नाही, ढेकळात घुसलं. प्रोपेलर तुटला, बाकी काही नाही.

येवलेकर | रविवार, दुपारी १:००

वाचतानाच टाळ्या वाजवल्या. लेकीला संक्रांतीला येवल्याला घेऊन या, आमच्या गच्चीवर मांजाची आसारी तिच्या हातात देतो.

पुणेरी पंखा | रविवार, दुपारी १:३०

वा! लेकीचं खास अभिनंदन. खाली जाणं, वरचा ट्रिम, उतरताना न उचलणं, तिन्हींचा अर्थ एकच: नाक अजून जरा जड आहे.

पुढच्या वेळी भावाला डाइव्ह टेस्ट करायला सांगा. बऱ्यापैकी उंचीवर, मध्यम थ्रॉटलला सरळ उडेल असा ट्रिम लावून, थ्रॉटल बंद करून साधारण ४५ अंशांत नाक खाली करायचं आणि एलेव्हेटर सोडून द्यायचा. विमान लगेच जोरात वर आलं तर नाक जड. हळूहळू वर आलं तर चांगलं. खाली जायचा कोन आणखी वाढायला लागला तर शेपूट जड, ताबडतोब सावरून उतरवायचं. सीजी एका वेळी दोन-तीन मिमीच मागे घ्यायचा, आणि प्रत्येक वेळी पुन्हा हीच चाचणी.

दामले मास्तर | रविवार, संध्याकाळी ५:००

मुलीने गोल घातले हे वाचून फार आनंद झाला. शेपटीचं विसरू नका हं.

गोदाकाठ | पुढचा शनिवार, रात्री ९:१०

मास्तर, विसरलो नाही. शीट आलं, लेकीने प्लॅनवर ठेवून पाटी कापली, ४८० बाय १००, आणि या वेळी कापायच्या आधी दोनदा मोजली. जुनीपेक्षा ३ ग्रॅम जास्त आहे. तिनेच आकडेमोड केली: आता न्यूट्रल पॉइंट १०६, म्हणजे नाकातलं शिसं लागणार नाही. सगळे १६ ग्रॅम काढले, बॅटरी होती तिथेच ठेवली.

आत्ता स्टँडवर ठेवलं. ६६ वर आलंय. उद्या सकाळी तिथूनच सुरू करतो, आणि डाइव्ह टेस्ट बघत बघत तिला ते प्लॅनच्या ७५ पर्यंत न्यायचंय.